रोड बाइकचा मागचा लाइट: कमी खर्चात कोणता घ्यावा, कसा लावावा

सायकल चालवणाऱ्याला स्वतःचा मागचा लाइट कधीच दिसत नाही. तो बंद पडला, खाली झुकला, जॅकेटच्या टोकाने झाकला गेला किंवा नुसता मंद झाला, तरी पेडल मारणाऱ्याला पत्ता लागत नाही. मागून येणाऱ्या गाडीला मात्र तेवढ्या वेळात तुम्ही दिसेनासे झालेले असता. म्हणून स्वस्तातला लाइट निवडताना ‘किती लुमेन?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी हे बघा: तो जागेवर घट्ट बसतो का, तुम्ही वापराल त्या मोडमध्ये किती तास चालतो, पाणी सोसतो का आणि बॅटरी संपत आल्याची सूचना देतो का. या चार बाबतींत पक्का असलेला ३० लुमेनचा साधा लाइट रात्री पुरतो. खोक्यावर २०० लुमेन छापलेला, पण खड्ड्यात मान टाकणारा लाइट कामाचा नाही.

लुमेन आणि खोक्यावरचे आकडे

लुमेन म्हणजे लाइटमधून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. मागच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला किती पोचतो, ते त्या एका दिशेतल्या तीव्रतेवर ठरतं. ती कँडेलामध्ये मोजतात. पुढे भिंग असलेली एकच एलईडी सगळा प्रकाश अरुंद झोतात पाठवते, त्यामुळे लांबून ठळक दिसते, पण बाजूला सरकलं की फिकी पडते. याउलट हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या सीओबी पट्टीच्या लाइटमध्ये बारीक एलईडींची सलग रांग असते. ती जवळून भरपूर झगझगीत वाटते आणि बाजूनेही दिसते, पण भिंग नसल्याने तितक्याच लुमेनमध्ये लांबवर कमी पोचते. दुकानात हातात धरून बघताना पट्टीचाच लाइट जास्त भारी वाटतो, आणि फसगत होते ती इथेच. मोकळ्या वेगवान रस्त्यावर चालवणाऱ्याने भिंगाचा घ्यावा. चौक आणि वळणं जास्त असतील तर कडेच्या फटींतूनही प्रकाश बाहेर पडेल असा घ्यावा. दोन्ही गुण असणारे लाइटही मिळतात: मधे भिंगाची एलईडी आणि दोन्ही कडांना पारदर्शक लाल प्लास्टिक. पर्याय असेल तर तोच उचला.

आकड्यांचा ढोबळ अंदाज असा. रात्री स्थिर मोडमध्ये १५ ते ३० लुमेन पुरतात. त्याहून जास्त असले तर मागच्या सायकलस्वाराचे डोळे दिपतात. भर उन्हात उठून दिसायला ५० ते १०० लुमेनचा फ्लॅश लागतो.

खोक्यावर बहुतेक वेळा दोनच मोठे आकडे असतात, आणि ते वेगवेगळ्या मोडचे असतात. लुमेन सर्वांत प्रखर फ्लॅशचे, तास सर्वांत मंद मोडचे. प्रत्येक मोडचे लुमेन आणि तास वेगळे देणारा तक्ता असलेलाच लाइट घ्या. तक्ता नसेल आणि बॅटरीची क्षमता दिली असेल, तर साधा हिशेब करता येतो. ३०० एमएएचची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण १.१ वॅट-तास. ती सलग २० तास पुरवायची तर ताशी ०.०५५ वॅट-तासच वापरता येतात, म्हणजे ०.०५५ वॅट. चांगली लाल एलईडीही एका वॅटमागे फार तर शंभरेक लुमेन देते. म्हणजे २० तास चालताना त्या लाइटमधून पाच-सहा लुमेनच निघणार. ‘१०० लुमेन, २० तास’ असं ठसठशीत लिहिलेलं असलं तरी दोन्ही एकदम मिळणं शक्य नाही.

तासांचा नियम सोपा ठेवा. तुमच्या सर्वांत लांब राइडच्या दुप्पट वेळ, तुम्ही खरोखर वापरणार त्या मोडमध्ये. चार तासांची राइड असेल तर आठ तास. दुप्पट यासाठी की ३०० ते ५०० वेळा चार्ज झाल्यावर लिथियम बॅटरीची क्षमता चांगलीच घटलेली असते, थंडीत ती आणखी कमी भरते, आणि बॅटरी उतरत जाते तसे बरेच स्वस्त लाइट हळूहळू मंद होत जातात. ‘आठ तास’ यातले शेवटचे दोन तास बऱ्याचदा नावापुरते असतात.

बॅटरी आणि चार्जिंगचं पोर्ट

आतल्या बॅटरीचा, चार्ज होणारा लाइट रोजच्या वापराला सोयीचा. बटणासारख्या सीआर२०३२ सेलवर चालणारे छोटे लाइट आणीबाणीसाठी बॅगेत ठेवायला ठीक आहेत, पण एकमेव लाइट म्हणून नकोत. एएए सेलचे लाइट लांबच्या प्रवासात बरे, कारण सेल कुठेही मिळतात. त्यांचा दोष मात्र माहीत असू द्या: खडबडीत रस्त्यावर सेल क्षणभर स्प्रिंगपासून सुटतो, वीज तुटते आणि लाइट बंद होतो, तो पुन्हा आपोआप लागत नाही. घेताना लाइट लावून तळहातावर जोरात आपटून बघा. विझला तर परत ठेवा. घरात आधीच असलेल्या अशा लाइटची स्प्रिंग जराशी ओढून ताणली की बहुधा काम होतं.

पोर्टमध्ये एक गोम आहे. काही स्वस्त लाइटना यूएसबी-सी पोर्ट असतं, पण त्यामागच्या सर्किटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. ते नसले की दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच सोडत नाही. लाइट बिघडला असं वाटतं, पण तोच लाइट एका टोकाला जुनं चौकोनी ए असलेल्या केबलने व्यवस्थित चार्ज होतो. तुमच्याकडे नुसते सी-सी केबल असतील तर हे घेण्यापूर्वीच विचारा.

बॅटरी कमी झाल्याची सूचना फक्त मागच्या बाजूला असेल तर चालवताना तिचा उपयोग नाही. तरी निघताना बटण दाबलं की हिरवा-लाल रंग दाखवणारा लाइट हवाच. शेवटच्या टप्प्यात एकदम विझण्याऐवजी आपोआप मंद मोडवर जाणारा मिळाला तर फारच उत्तम.

लाइट कुठे आणि कोणत्या कोनात

सर्वांत जास्त चुका इथे होतात. लाइट घेण्याआधी सायकलपाशी जाऊन तीन गोष्टी मोजा: सीटपोस्टचा (सीटला धरणाऱ्या उभ्या नळीचा) बाहेर दिसणारा भाग किती सेंटीमीटर आहे, त्याचा व्यास किती आणि आकार गोल आहे की मागून चपटा. गोल सीटपोस्ट बहुधा २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटरचा असतो आणि कुठलीही रबरी पट्टी त्यावर बसते. एरो (वारा कापणाऱ्या) फ्रेमच्या चपट्या सीटपोस्टवर गोल खोबणीचं ब्रॅकेट डगमगतं; त्याला वेगळं रबरी पॅड सोबत येतं का ते बघा. छोट्या फ्रेमवर सीटखाली लटकणाऱ्या सॅडल बॅगखाली चार-पाच सेंटीमीटरच जागा उरते. तिथे उभा लांबट लाइट घेतला की त्याचा वरचा अर्धा भाग बॅगेमागे लपतो. अशा वेळी आडवा लाइट घ्या किंवा सीटखालच्या दांड्यांना लागणारं ब्रॅकेट वापरा.

आता कोन. सीटपोस्ट सरळ उभा नसतो. रोड बाइकवर तो जमिनीशी साधारण ७३ अंशांत मागे कललेला असतो. त्याच्या पाठीला लाइट सपाट चिकटवला तर झोत मागे आणि १७ अंश खाली जातो. लाइट जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर असेल तर झोताचा मध्य अडीच-पावणेतीन मीटरवरच रस्त्याला टेकतो. मागची गाडी तर शंभर मीटरवर आहे. चांगल्या लाइटच्या ब्रॅकेटमध्येच उतरता पॅड देऊन हा कल भरून काढलेला असतो. नसेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून लाइटच्या खालच्या कडेमागे घाला, म्हणजे तोंड वर येतं. सीटस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्यांवर लावलं की उलट घडतं: झोत आभाळाकडे जातो आणि एका बाजूने चाकही आड येतं.

कोन तपासायला अंधारी खोली आणि भिंत पुरते. सायकल सपाट जमिनीवर, पाठ भिंतीकडे करून, तीन मीटर अंतरावर सरळ धरा. लाइटची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूची खूण करा. सर्वांत उजळ ठिपका खुणेवर किंवा पाच-दहा सेंटीमीटर खाली पडला पाहिजे. सॅडल बॅगेच्या कापडी पट्टीत क्लिपने अडकवलेला लाइट या परीक्षेत बहुधा नापास होतो, कारण वजनाने पट्टी लोंबते आणि लाइटचं तोंड जमिनीकडे वळतं. तिथे लावायचाच असेल तर हलका घ्या आणि रबरबँडने बॅगेला घट्ट आवळा.

रबरी पट्टी उन्हाने कडक होते आणि हुकापाशी, जिथे ती सर्वांत जास्त ताणलेली असते, तिथून तडकते. पट्टी वेगळी मिळत असेल आणि सुटी बदलता येत असेल तरच तो लाइट घ्या. लाइटच्या कवचाला एकजीव जोडलेली पट्टी तुटली की धडधाकट लाइट टाकून द्यावा लागतो.

पाणी

पाऊस वरून पडतो, पण मागच्या लाइटवर खरा मारा चाकाने उडवलेल्या चिखलपाण्याचा असतो, तोही खालून. लाइट किती पाणी सोसतो ते आयपीएक्सच्या आकड्याने सांगतात. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे सोसणारा, एवढा किमान हवाच. आयपीएक्स६ म्हणजे जोरदार फवारा सोसणारा. मडगार्ड नसलेल्या सायकलला हा योग्य. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहून टिकणारा. मात्र बुडवून टिकला म्हणजे फवाराही सोसेल असं त्या आकड्यावरून ठरत नाही, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. पोर्टचं रबरी झाकण खाली तोंड करून असेल तर ते जाड आणि खोल बसणारं हवं. पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच.

फ्लॅश की स्थिर

दिवसा फ्लॅश, कारण उजेडात लुकलुकणं नजर खेचतं. रात्री स्थिर, कारण सलग जळणाऱ्या लाइटवरून मागच्याला अंतर आणि वेग ओळखता येतो. नुसत्या उघडझापीत ते अवघड जातं. गटात चालवताना मंद स्थिर मोडच लावा. आपल्या देशाचा नियमही बघून घ्या: जर्मनीत सायकलला लुकलुकणारा लाइट चालत नाही, ब्रिटनमध्ये मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणारा चालतो.

एका महागड्या लाइटच्या पैशात दोन साधे येत असतील तर दोन घ्या: एक सीटपोस्टवर स्थिर, दुसरा बॅगेवर किंवा हेल्मेटवर. एक विझला तरी दुसरा असतो, आणि न दिसणाऱ्या बिघाडावर याहून स्वस्त उपाय नाही. सोबत लाल रिफ्लेक्टर ठेवाच, त्याला बॅटरी लागत नाही. ब्रेक ओळखून उजळणारे आणि थांबल्यावर आपोआप बंद होणारे लाइट या किमतीत टाळा. खडबडीत रस्त्यावर ते फसतात, आणि सिग्नलला उभं असताना विझलेला लाइट कुणालाच नको असतो. बटण दाबल्यावर शेवटचा मोड लक्षात ठेवणारा मात्र जरूर घ्या, म्हणजे अंधारात चाचपडत मोड बदलायला नको.

घेतल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

पूर्ण चार्ज करा, तुमच्या नेहमीच्या मोडवर लावून ठेवा आणि दर तासाला बघा. विझला कधी, मंद कधी झाला, दोन्ही वेळा लिहा. मग लाइट लावूनच पाच मिनिटं नळाखाली धरा आणि तासाभराने काचेच्या आत वाफ धरली आहे का बघा. शेवटी सायकल कुणाच्या तरी हातात देऊन सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर शंभर पावलं मागे जा, तिथून दोन्ही बाजूंना सरका. किती सरकल्यावर लाइट दिसेनासा होतो ते कळेल.

ओला लाइट चार्जला लावू नका. पोर्टमधल्या पट्ट्या हिरव्या पडतात आणि मग केबल लागूनही चार्ज होत नाही. महिनोन् महिने वापर नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा बघा; पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी बऱ्याचदा परत उठत नाही. लाइटचं कवच फुगलेलं दिसलं किंवा चार्ज होताना हात लावता येणार नाही इतकं तापलं, तर केबल लगेच काढा आणि तो ई-कचऱ्यात द्या.