कामावर अपघात झालाय? भरपाई घालवणाऱ्या या चुका टाळा

माझ्या मेव्हण्याचं अंगठ्याशेजारचं बोट कुपवाडच्या एका वर्कशॉपात पॉवर प्रेसखाली गेलं, मुळापासून. रात्रपाळी होती. सुपरवायझरनंच हाताला पंचा गुंडाळून गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरनी काय झालं विचारल्यावर मेव्हण्याच्या आधी सुपरवायझरच बोलला, "घरी दारात बोट सापडलं." मेव्हणा कळवळत होता, शेठ बिल भरणार म्हणून गप्प बसला, आणि केसपेपरवर तेच उतरलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भरपाई मिळणार की नाही हे मुळात एकाच गोष्टीवर ठरतं, इजा कामामुळं आणि काम करताना झाली का. त्यामुळं कितीही दुखत असलं तरी डॉक्टरला स्वतः सांगा, "कंपनीत मशीनवर झालं", किंवा सोबत घरचं माणूस असेल तर त्याला सांगायला लावा, आणि पेपरवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आधीच चुकीचं लिहून गेलं असेल तर हातपाय गाळू नका. त्या दिवशीची हजेरी, पाळीतल्या दोघातिघांचे जबाब, सुपरवायझरचे फोन-मेसेज, मशीनचा फोटो हे गोळा करा आणि मालकाला रजिस्टर पोस्टानं पत्र टाका, तारीख-वेळ-मशीन सगळं लिहून. पोचपावती जपून ठेवा.

दुसरी चूक आम्हीच केली. शेठनं वीस हजार दिले आणि "माझं काही येणं नाही" अशा कागदावर सही घेतली, वाटलं माणूस देव आहे. आता हिशोब बघा. कायमच्या अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे कायद्याच्या तक्त्यातला आकडा, आणि त्याच्यावर इजेची टक्केवारी. पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे ९,०००. वय ३० ला आकडा २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०, आणि ते बोट पूर्ण गेलं तर १४ टक्के, म्हणजे साधारण २ लाख ६२ हजार. कुठं वीस हजार! सही केलीय म्हणून हक्क संपला असं मात्र नाही, हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दच धरतात, आणि तडजोड करायचीच तर ती भरपाई कमिशनरकडे (भरपाईचे दावे ऐकणारा सरकारी अधिकारी, नव्या संहितेत 'सक्षम प्राधिकारी') नोंदवावी लागते. दवाखान्याचा खराखुरा खर्चही मालकानंच द्यायचा असतो, तो ह्या रकमेत धरायचा नाही.

"तुझीच चूक, तू हात घातलास" हे वाक्य ऐकून कितीतरी जण घरी बसतात. नुसता निष्काळजीपणा झाला म्हणून भरपाई जात नाही. दारू पिऊन होता, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला किंवा मशीनचं सुरक्षा कवच (गार्ड) जाणूनबुजून काढलं तर अडचण येते, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबबसुद्धा चालत नाही. आणि गार्ड उत्पादन वाढवायला मालकानंच काढायला लावला असेल तर तेही पत्रात लिहा.

ठेकेदाराकडचे लोक म्हणतात आमचं तर कंपनीत नावच नाही. अहो, कंपनीच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत करताय ना, मग मूळ कंपनीवर जबाबदारी येते, ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल, तो त्यांचा प्रश्न.

आधी पगार पावती बघा. ०.७५ टक्के ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापतात का? (२१,००० पर्यंत पगार असला की हे लागू होतं, युनिट ईएसआयमध्ये असेल तर.) कापत असतील तर मालकाविरुद्ध कमिशनरकडे भरपाई मागता येत नाही, ईएसआयकडेच जायचं, तिथं बरं होईपर्यंत पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात. चुकीच्या दारात वर्ष घालवलेली माणसं बघितलीत मी.

आजाराचं तर कुणी विचारतच नाही. साखर कारखान्यात बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, दगडखाणीतला सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा दमा, आवाजानं आलेला बहिरेपणा हे कायद्याच्या यादीत आहेत. विट्याच्या मागावर किंवा क्रशरवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसानं डॉक्टरला धंदा काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पेपरवर नुसता "जुनाट खोकला" येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार भरपाईचा १९२३ चा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. तिच्यात घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही धरलाय, फक्त त्याचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. म्हणजे पहाटेच्या पाळीला शिरवळला जाताना गाडी घसरली तर गप्प बसू नका.

मुदत दोन वर्षांची समजा, आणि "शेठ देतो म्हणालाय" म्हणत थांबू नका. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. सातारा-सांगलीचा माणूस पुण्यात कामावर जखमी झाला तरी अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यातसुद्धा करता येतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला आणि बाईमाणसाला तिथं वकील मोफत मिळतो, फोन १५१००. मेव्हण्याचा अर्ज आम्ही तिथूनच घातला. जाताना पहिल्या दिवसाचा केसपेपर, पगाराचे बँक एन्ट्रीचे कागद, आधार आणि रजिस्टर पोस्टाची पावती, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा.