कोल्हापूरच्या पेठा पायी पाहायच्या तर

अंबाबाईचं दर्शन आणि रंकाळ्यावरची भेळ झाली की बहुतेक लोक परतीच्या गाडीला लागतात. पण जुनं कोल्हापूर आहे ते तालमी, तिकट्या (तीन रस्ते मिळतात ते नाके) आणि वेशींत, आणि ते चालल्याशिवाय दिसत नाही. गंगावेस, पंचगंगा घाट, पापाची तिकटी, खासबाग, चप्पल लाईन हा सगळा मिळून चारेक किलोमीटरचा रस्ता. हातात चार तास ठेवा.

सकाळी सहाला गंगावेशीत पोहोचा. दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. दूध कच्चंच असतं. पोट नाजूक असेल, सोबत लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर प्यायचा मोह टाळा.

जवळच गंगावेस तालीम. चपला बाहेर काढून आधी वस्तादांना विचारा, मगच आत जा. लाल माती म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं आणि मल्ल तिच्या पाया पडून उतरतात, म्हणून हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय टाकू नका. बऱ्याच तालमींत बायकांना आत जाता येत नाही, तेव्हा दारातूनच विचारलेलं बरं. फोटो जोर-बैठका संपल्यावर, परवानगीनं. तालीम म्हणजे फक्त कुस्तीही नव्हे. पेठेचा गणपती तिचा, फुटबॉलचा संघही तिचाच.

तिथून घाटावर जाऊन या. जुलै-ऑगस्टमध्ये घाट पाण्याखाली जातो, तेव्हा तो टप्पा वगळा. आंघोळ करणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नका.

परतताना पापाच्या तिकटीवरून महाद्वार रोडला लागा आणि कपिलतीर्थ मंडईत भाजी लावायची लगबग बघा. इथं रस्ता चुकतो तो मोबाईलच्या नकाशामुळे, कारण बोळ अरुंद आणि वळणं जवळजवळ. "मामा, मिरजकर तिकटीला कसं जायचं?" असं विचारा. उत्तरात दुकानाचं नाव क्वचित येईल, तालमीचं नक्की येईल. शुक्रवारी आणि नवरात्रात मात्र या भागात चालणं म्हणजे गर्दीतून रेटत जाणं, तेव्हा दुसरा वार निवडा.

नऊच्या सुमारास खासबाग. शाहू महाराजांच्या काळात, 1912 मध्ये तयार झालेलं हे कुस्तीचं मैदान. आखाडा मधोमध आणि बैठका चहूबाजूंनी चढत गेलेल्या, त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही कुस्ती दिसते. आसपास मिसळ खा. तिखट झेपत नसेल तर कट, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळा मागा.

चप्पल लाईन शेवटी ठेवा, दुकानं उशिरा उघडतात. चप्पल उलटी करून तळ बघा: चामड्याचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले हवेत. रबराचा तळ, रेक्झिनचा पट्टा किंवा चकचकीत रंग दिसला तर ठेवून द्या. थोडी घट्टच घ्या, कारण चामडं सैलावतं. पहिले दोन-तीन दिवस अंगठ्याला लागते. पट्ट्याला आतून खोबरेल चोळून रात्रभर ठेवा, आणि तोवर चालायला जुनीच चप्पल घाला.