सीझनची शेवटची स्नोमोबाइल राइड, जुने मित्र आणि निघण्याआधीची तयारी

स्नोमोबाइल म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी. तिच्या शेवटच्या राइडची तयारी करताना आधी थंडीच्या ऐन दिवसांतली यादी बाजूला ठेवा. तेव्हा सगळी चिंता गारठ्याची असते, बोटं बधिर होतील, बॅटरी उतरेल, व्हायझरवर वाफ धरेल. सीझन संपत आला की काळजी करायची ती उन्हाची आणि पाण्याची, आणि बरेच जण इथेच चुकतात, कारण बॅग तीच, गाडी तीच, ट्रेल म्हणजे बर्फातली आखलेली वाट तीच, मग तयारी पण तीच असं धरून चालतात. मी दरवर्षी जुन्या मित्रांसोबत ही एक राइड करतो, वर्षभरात आम्ही सगळे एकत्र येतो ती हीच वेळ, त्यामुळे ती बिघडू नये म्हणून जे जे बघतो ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

पहिलं काम तारखेचं. एकच तारीख पक्की करून बसू नका, लागोपाठ दोन-तीन वीकेंड सगळ्यांना मोकळे ठेवायला सांगा आणि दोन दिवस आधी ठरवा. हवामान बघताना सगळे दिवसाचं तापमान बघतात, मी रात्रीचं बघतो. दिवसा चार-पाच डिग्री झालं तरी चालेल, पण रात्री पारा शून्याच्या चांगला खाली उतरला पाहिजे, कारण दिवसभर भिजलेला ट्रेल रात्री गोठला तरच सकाळी गाडी पेलतो. आभाळ भरलेलं असेल तर आकडा शून्याच्या आसपास दिसूनही ट्रेल नीट धरत नाही, निरभ्र रात्री बर्फातली उष्णता वर निघून जाते, ढग असले की ती अडकते. दोन रात्री लागोपाठ गोठलं नाही तर राइड रद्द, यावर आमच्यात चर्चा होत नाही, भेटतो, गप्पा मारतो, गाड्या ट्रेलरवरच राहतात.

ट्रेल उघडा आहे का ते आदल्या रात्री बघा आणि निघायच्या दिवशी सकाळी परत बघा, या दिवसांत ट्रेल एका रात्रीत बंद होतात. आणि बंद म्हणजे बंद, गेटला वळसा घालून जायचं नाही. कितीतरी ट्रेल लोकांच्या खासगी शेतातून नाहीतर जंगलातून जातात, मालकाने मोठ्या मनाने परवानगी दिलेली असते, आणि बर्फ पातळ झाल्यावर गाड्या गेल्या की खालची ओली माती उखडते, पीक असेल तर तेही जातं. एका मालकाने पुढच्या वर्षी नाही म्हटलं की मधला तुकडा तुटतो आणि दोन्हीकडचा रस्ता निरुपयोगी होतो. हे ट्रेल आखणारे, पाट्या लावणारे, पडलेली झाडं कापणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आपल्या एका दिवसाच्या हौसेपायी त्यांची मेहनत वाया घालवायची नाही, मला हे अगदी मनापासून वाटतं. परमिट, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे कागद आदल्या दिवशीच तपासा, कुणाचं तरी काहीतरी संपलेलं निघतंच.

आता गाडी, आणि जास्तीत जास्त वेळ इथेच द्या. लिक्विड कूल्ड स्नोमोबाइलला कारसारखा पुढून वारा घेणारा मोठा रेडिएटर बहुतेक वेळा नसतो. सीटखालच्या टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅक फिरतो त्या पोकळीत, हीट एक्स्चेंजर असतात, ट्रॅक फिरताना जो बर्फ उडतो तो त्यांच्यावर आपटून वितळतो आणि त्यानंच कूलंट गार राहतो. म्हणजे बर्फ उडाला नाही तर कूलिंग नाही. सीझनच्या शेवटी सकाळी ट्रेल काचेसारखा कडक असतो, काही उडतच नाही, बाहेर उणे पाच असूनही इंजिन तापतं, आणि नवख्या माणसाला कळतच नाही की एवढ्या थंडीत टेंपरेचरचा दिवा कसा काय लागला. तीच गोष्ट स्लायडर्सची, म्हणजे ट्रॅकच्या आत रेल्सना लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हायफॅक्स म्हणतात त्या. त्यांना तेल-ग्रीस काही नसतं, उडणारा बर्फ हेच त्यांचं वंगण. एका वर्षी आमच्यातला एक जण कडक ट्रेलवर बराच वेळ जोरात आला, पाणी प्यायला थांबला, आणि परत निघताना ट्रॅक जागचा हलेना, पट्ट्या वितळून ट्रॅकच्या धातूच्या क्लिपांना चिकटल्या होत्या. मागून धरून गाडी उचलली, हलवली, सुटली एकदाची, पण पट्ट्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून आइस स्क्रॅचर लावून घ्या, दोन्ही बाजूंना. स्प्रिंगसारखे लवचिक दांडे असतात, कडक बर्फ खरवडत जातात आणि त्याचा चुरा ट्रॅकमध्ये आणि एक्स्चेंजरवर उडवतात, एवढ्याशा वस्तूने अख्खी राइड वाचते. फक्त रिव्हर्स घेताना लक्षात ठेवा, काही जुन्या प्रकारचे दांडे मागे जाताना अडकून मोडतात, ते आधी वर उचलून हुकात अडकवायचे. स्लायडर्सवर झीज दाखवणारी रेघ असेल तर त्या रेघेच्या जवळ आलेली पट्टी या राइडला घेऊन जाऊ नका, ‘एकच तर राइड राहिलीय’ हा विचार इथे महागात पडतो, कारण वर्षातली सगळ्यात जास्त घासाघीस याच एका राइडला होते. कूलंटची पातळी बघा. वाटेत दिवा लागलाच तर ट्रेलच्या कडेला भुसभुशीत बर्फ सापडतो का बघा, गाडी त्यात थोडा वेळ घालून चालवा, नाही सापडला तर थांबा, बंद करा, गार होऊ द्या. ग्रुपमध्ये कुणाची जुनी फॅन कूल्ड, म्हणजे पंख्याच्या हवेने गार होणारी, गाडी असेल तर तिच्या इंजिनाला या बर्फाची गरज नाही, पण स्लायडर्सना आहेच. जोझेफ-आर्मान्द बोम्बार्डिएने क्युबेकमधल्या वालकूर गावातून १९५९ मध्ये पहिली स्की-डू स्नोमोबाइल बाजारात आणली तिचं इंजिन एअर कूल्डच होतं, आणि आमच्यातला एक मित्र अजूनही एअर कूल्डच चालवतो, शेवटच्या राइडला इंजिन तापायची चिंता नसलेला तो एकटाच.

स्कीखालचे कार्बाइड, म्हणजे बर्फ पकडणाऱ्या कठीण धातूच्या धारा, हात लावून बघा. धार गेलेली असेल तर कडक बर्फावर हँडल वळतं आणि गाडी सरळ जाते, वळणावर हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं. ट्रॅकचा ताण आणि अलाइनमेंट, मागच्या आयडलर व्हील्सचे बेअरिंग, ब्रेकचे पॅड, हे नेहमीचंच. ट्रॅकला स्टड, म्हणजे धातूचे खिळे, असतील तर त्या ट्रेलवर चालतात का ते विचारा, काही ठिकाणी मनाई असते. इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणाऱ्या बेल्टबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. स्लशमध्ये, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फात, पाणी उडून बेल्ट ओला झाला की सटकायला लागतो, रेस वाढतो आणि गाडी पुढे जात नाही, तेव्हा ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, बेल्ट जळतो, उघडून कोरडा करा, क्लचच्या चकत्या पुसा. स्पेअर बेल्ट हवाच, आणि शक्यतो आधी चालवून मुरवलेला, कोरा करकरीत बेल्ट पहिले पन्नासेक किलोमीटर हळू चालवावा लागतो आणि वाटेत तेवढा संयम कुणाला नसतो. तो बदलायची हत्यारं गाडीतच आहेत ना हे उघडून बघा, आणि घरी एकदा बदलून बघा.

पेट्रोल ताजं भरा, टू-स्ट्रोक असेल तर ऑइलची टाकी पूर्ण आणि वर एक लिटरचा डबा. सीझन संपताना वाटेतले पंप बंद झालेले असू शकतात, फोन करून विचारा आणि प्लॅन सगळ्यात लहान टाकीच्या गाडीवर बेता. भिजलेल्या बर्फात गाडी पेट्रोल पण जास्त पिते.

तळ्यांबद्दल आमचा नियम एका ओळीचा आहे, शेवटच्या राइडला बर्फाळ तळ्यावर जायचं नाही. थंडीत स्वच्छ, घट्ट, नव्या बर्फाचा थर बारा ते अठरा सेंटीमीटर असेल तर एक स्नोमोबाइल जाऊ शकते असं साधारण धरतात, पांढरट बर्फ असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. पण हे आकडे वसंतात कामाचे नाहीत. ऊन लागून बर्फ आतून उभ्या कांड्यांसारखा सुटा होतो, वरून अर्धा मीटर जाड दिसतो आणि वजन पडलं की कांड्या एकमेकींपासून सुटतात. जाडी मोजून काही कळत नाही. ओढे, पूल, मोऱ्या, तळ्यात पाणी शिरतं ती तोंडं, हे सगळं आधी उघडं पडतं. ट्रेलला तळं टाळून जाणारा फाटा नसेल तर दुसरा ट्रेल निवडा. तरी प्रत्येकाच्या गळ्यात आइस पिक, म्हणजे पाण्यात पडल्यावर बर्फात रोवून वर यायचे टोकदार दांडे, असू द्या, बॅगेत नाही, गळ्यात, आणि एक-दहा-एक हे सगळ्यांना पाठ असू द्या: थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, मग हातपाय कामाचे असतात ती जेमतेम दहा मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. घाबरून पहिल्या मिनिटात माणूस बुडतो, तासाभराचं आपल्याला माहीतच नसतं.

कपडे पातळ आणि थरांचे. जाड इन्सुलेटेड सूट घातला की अकरा वाजेपर्यंत आतून घामाने चिंब आणि परत येताना सावलीत तोच घाम गार पडतो, त्यापेक्षा वॉटरप्रूफ शेल आणि आत काढता येतील असे दोन थर. बूट वॉटरप्रूफ हवेत, कारण शेवटच्या राइडला खाली उतरून पाण्यात उभं राहावं लागतंच. मोज्यांची आणि ग्लव्हजची कोरडी जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. गडद लेन्सचा गॉगल विसरू नका, ताज्या बर्फावरून अल्ट्राव्हायोलेट किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फिरतात, डोळे जळतात, रात्री उघडवत नाहीत. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या आसपास पण लावा, ऊन खालून येतं.

आता मित्र. वीस वर्षांपूर्वी दिवसाला तीनशे किलोमीटर मारणारा माणूस आता गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेला असतो, एकाला रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू असते, एक जण चार वर्षांनी पहिल्यांदा बसत असतो, आणि जुन्या मित्रांसमोर यातलं काहीच कुणी आपणहून सांगत नाही. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एकेकाला बाजूला घेऊन सरळ विचारतो, काय औषध चालू आहे, कुठे ठेवलंय, घरी कुणाला फोन करायचा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि विचारल्यावर सगळे सांगतात. अंतर सगळ्यात थकणाऱ्या माणसाच्या हिशोबाने ठरवा, आम्ही आता शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जात नाही, सकाळी उजाडल्याबरोबर निघतो आणि एक-दोन वाजेपर्यंत ट्रेलरजवळ परत, कारण दुपारी ट्रेलचा चिखल होतो आणि दमलेल्या माणसाकडून चिखलातच चूक होते. बिअर गाडी ट्रेलरवर चढल्यावर, त्याआधी एक घोटही नाही.

पुढे ट्रेल ओळखणारा, सगळ्यात शेवटी गाडी दुरुस्त करता येणारा, नवखा पुढच्याच्या लगेच मागे. प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागचा दिसल्यावरच हलायचं, एवढा एक नियम पाळला तरी कुणी हरवत नाही. हाताच्या खुणा एकदा उभं राहून सगळ्यांनी करून बघा: डावा हात सरळ वर म्हणजे थांबा, डावीकडे आडवा म्हणजे डावं वळण, कोपरात वर दुमडला म्हणजे उजवं, अंगठा खांद्यावरून मागे म्हणजे माझ्या मागे अजून गाड्या आहेत, वर धरलेली मूठ म्हणजे मी शेवटचा. कडक बर्फावर थांबायला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त अंतर लागतं तेव्हा मधलं अंतर वाढवा. डांबरी रस्ता ओलांडताना उतरल्यासारखं हळू जा, कार्बाइड डांबरावर पकडत नाहीत. किल स्विचची, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची, दोरी प्रत्येकाच्या जॅकेटला अडकलेली आहे ना हे शेवटच्याने बघायचं.

बॅगेत टो रोप, घडीची करवत, स्पार्क प्लग आणि पाना, झिप टाय, डक्ट टेप, फर्स्ट एड, हेडलॅम्प, लायटर, फॉइलचं ब्लँकेट, शिट्टी, पाणी, खायला काहीतरी. सगळ्यांनी सगळं नाही आणायचं, वाटून घ्या, पण कुणाकडे काय आहे ते सगळ्यांना माहीत हवं. फोन आतल्या खिशात, नकाशा ऑफलाइन उतरवलेला, आणि घरी एकाला रूट आणि परतायची वेळ कळवलेली. ट्रेलरचे दिवे, टायर, बेअरिंग बघा आणि येताना गाड्या झाका, रस्त्यावरचं मिठाचं पाणी थेट ॲल्युमिनियम खातं.

परत आल्यावर लगेच कुणाला सोडू नका, अजून तास-दोन तासांचं काम आहे आणि चार हात असतानाच ते होतं. गाडी गोड्या पाण्याने धुवा. टाकीत पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवा म्हणजे ते आतपर्यंत पोचेल, टू-स्ट्रोक असेल तर इंजिन आतून गंजू नये म्हणून फॉगिंग ऑइल. सगळ्या ग्रीस पॉइंटना ग्रीस, मागची बाजू उचलून ट्रॅक जमिनीपासून वर, बॅटरी काढून आत, एक्झॉस्ट आणि एअर इनटेकच्या तोंडात उंदीर शिरणार नाही असा बोळा, आणि तो बोळा घातल्याची चिठ्ठी हँडलला. शेवटी बेल्ट काढून खुंटीला लावा, आणि कुठल्या गाडीचा ते त्यावर मार्करने लिहा, बाणाची दिशा पुसट झाली असेल तर तीही.