नवी कंपॅनियन येते तेव्हा: ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या भेटीच्या भागाचं परीक्षण कसं लिहावं

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका: डॉक्टर नावाचा परग्रहवासी काळात आणि अवकाशात फिरतो, आणि त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या माणसाला कंपॅनियन म्हणतात. मालिकेत नवी कंपॅनियन दाखल होते त्या भागावरची बरीचशी परीक्षणं एकाच वाक्यावर येऊन थांबतात: पात्र छान जमलंय, कथानक मात्र पातळ. वाक्य खोटं नसतं, पण त्याने परीक्षणही होत नाही. अशा भागात कथानक पातळ ठेवण्यामागे बहुतेकदा हिशेब असतो. ‘रोझ’ (२६ मार्च २००५) घ्या. साधारण ४५ मिनिटांचा भाग. दुकानातले प्लास्टिकचे पुतळे जिवंत होतात, आणि त्यावरचा उतारा, ‘अँटी-प्लास्टिक’ची कुपी, डॉक्टरकडे आधीपासूनच तयार असते. संकट म्हणून हे फार स्वस्तात सुटतं. पण संकट समजावण्यात न गेलेली मिनिटं रोझ टायलरच्या वाट्याला आली: सकाळचा गजर, दुकानातली नोकरी, जेवणाच्या सुट्टीत भेटणारा मिकी, घरी आई जॅकी. तेव्हा कथानकात वाचवलेला वेळ कुठे खर्च झाला आणि त्यातून काय हाती लागलं, हे आधी तपासायचं.

भाग दोनदा पाहावा लागतो. पहिल्यांदा हातात वही नको, पॉजही नको. संपल्या संपल्या, दुसऱ्या कोणाचं मत कानावर पडायच्या आत, नव्या पात्राबद्दल पाच ओळी लिहून ठेवा. कपडे, नोकरी आणि एखादा चटपटीत संवाद सोडून काहीच आठवत नसेल, तर ती नोंदच परीक्षणाचा कच्चा माल आहे. दुसऱ्यांदा टाइमकोडसह, म्हणजे कोणता प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ते टिपत, पाहा. ४५ मिनिटांच्या भागाला दीड तास सहज जातो, तेवढा वेळ राखून बसा. सबटायटल सुरू ठेवा, कारण पळापळीत बोललेली अर्धी वाक्यं नुसत्या कानांनी पकडली जात नाहीत. नोंदायच्या जागा या:

- ती पडद्यावर पहिल्यांदा दिसते तेव्हा काय करत असते
- डॉक्टरशी पहिली गाठ, आणि तोवर किती मिनिटं गेली
- तिने विचारलेला पहिला खरा प्रश्न
- पहिला नकार किंवा पहिला वाद
- डॉक्टरने न सांगता तिने केलेली पहिली गोष्ट
- टार्डिसमध्ये (डॉक्टरचं कालयान: बाहेरून छोटी पेटी, आतून प्रचंड) पाऊल टाकण्याचं कारण

यातल्या ‘खरा प्रश्न’ या शब्दांकडे लक्ष द्या. “हे काय चाललंय?” हा प्रश्न प्रत्येक कंपॅनियन विचारते, त्याची नोंद करून उपयोग नाही. तो प्रेक्षकांच्या वतीने विचारलेला असतो, डॉक्टरला माहिती सांगायला निमित्त म्हणून. खरा प्रश्न तोच, जो दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातला तर बेतशीर बसणार नाही.

‘स्मिथ अँड जोन्स’ (३१ मार्च २००७) याचा उत्तम नमुना आहे. अख्खं रुग्णालय चंद्रावर जाऊन पडतं, सगळे किंचाळत असतात, आणि मार्था जोन्स खिडकी न्याहाळते. या खिडक्या काही हवाबंद नाहीत, हवा जायची असती तर एव्हाना गेली असती, हे तिचं तिलाच सुचतं. मार्था वैद्यकीय विद्यार्थिनी आहे हे आपल्याला आधी सांगितलेलं असतं, पण पटतं ते इथे. परीक्षणात ‘मार्था हुशार आहे’ असं लिहिण्याऐवजी हा खिडकीचा प्रसंग दोन वाक्यांत मांडा, विशेषणाची गरजच उरणार नाही.

‘द पायलट’ (१५ एप्रिल २०१७) मधल्या बिल पॉट्सचं तंत्र वेगळं. ती विद्यापीठाच्या उपाहारगृहात काम करते, विद्यार्थिनी नसताना डॉक्टरच्या व्याख्यानांना जाऊन बसते. न समजलेल्या गोष्टीवर बाकीचे कपाळाला आठ्या घालतात, ही हसते, हे डॉक्टरने हेरलेलं असतं. पुढे पाण्याच्या डबक्यातल्या प्रतिबिंबात काहीतरी चुकतंय हे तिला जाणवतं: आरशासारखी बाजू उलटलेली नाही. आणि टार्डिसमध्ये शिरल्यावर ‘आतून मोठं आहे’ या ठरलेल्या उद्गारापर्यंत पोचायला ती चांगलाच वेळ घेते, मध्येच स्वयंपाकघराची उपमा देते, शौचालयाची चौकशी करते. विनोद म्हणून ते चालतंच. पण परीक्षकाला इथे आणखी एक दिसायला हवं: दर कंपॅनियनला करावा लागणारा हा विधी लेखकाने लांबवून बिलचा स्वभाव उघड केला. तो विधी कसा हाताळला आहे, यावर प्रत्येक परीक्षणात निदान एक वाक्य असावं. त्या क्षणी लेखकाला अनेक दशकांच्या पूर्वजांशी स्पर्धा करावी लागते.

आता नकार. मालिकेचा पाया असा की कोणीतरी अनोळखी माणसाच्या पेटीत बसून निघून जातं. हे पटवायचं तर आधी न जाण्याचं कारण भक्कम हवं. रोझ पहिल्यांदा नाही म्हणते. मिकी घाबरून तिला बिलगलेला असतो, घरी आई असते. डॉक्टर निघून जातो, परत येतो, ही पेटी काळातही फिरते एवढंच सांगतो, आणि ती धावत सुटते. या दोन्ही क्षणांमध्ये काही सेकंदच आहेत, पण अख्खा भाग त्या सेकंदांसाठी उभा केला आहे. ‘द रोबॉट रिव्होल्यूशन’ (१२ एप्रिल २०२५) मध्ये उलटं. बेलिंडा चंद्रा परिचारिका आहे, तिला प्रवास नकोच, घरी जायचंय. डॉक्टर तिला न विचारता तिचा डीएनए तपासतो, तेव्हा ती त्याला तिथल्या तिथे सुनावते. टार्डिस तिच्या तारखेला, २४ मे २०२५ला, उतरू शकत नाही म्हणून ती सोबत राहते. असा भाग परीक्षणाला घेतला तर ‘ती का गेली’ हा प्रश्न लागूच होत नाही. त्याजागी विचारा: तिची नाइलाजाची सोबत मैत्रीत बदलण्याची बीजं या भागात पडली आहेत का? हा बदल न करता जुनीच मोजपट्टी लावली की ‘बेलिंडा तुसडी वाटते’ असली वाक्यं तयार होतात.

खरं तर नाइलाज ही मालिकेतली सर्वांत जुनी वाट आहे. २३ नोव्हेंबर १९६३च्या पहिल्या भागात इयान आणि बार्बरा हे शिक्षक सुझन या विद्यार्थिनीबद्दलच्या शंकेपोटी भंगाराच्या अंगणात पोचतात आणि डॉक्टर त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध घेऊन जातो. डॉक्टरचं दर्शनही जवळजवळ निम्मा भाग उलटल्यावर होतं. ‘द टाइम वॉरियर’ (पहिला भाग १५ डिसेंबर १९७३) मधली पत्रकार सारा जेन स्मिथ मावशीच्या नावाने संशोधन केंद्रात घुसते, टार्डिसमध्ये लपून मध्ययुगात पोचते आणि बराच वेळ डॉक्टरलाच खलनायक समजते. नव्या भागाला ‘कंपॅनियन डॉक्टरवर संशय घेते, हे किती ताजं!’ अशी दाद देण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.

पेरणी आणि काढणी तपासणं हे दुसऱ्या पाहणीतलं मुख्य काम. शेवटी तिने जे केलं ते आधी कुठे सुचवलं होतं का, हे मागे जाऊन शोधा. ‘स्मिथ अँड जोन्स’मध्ये सुरुवातीलाच रस्त्यात डॉक्टर मार्थासमोर येऊन गळ्यातला टाय काढून दाखवतो, त्याचा उलगडा शेवटी होतो, आणि तोच तिच्यासाठी कालप्रवासाचा पुरावा ठरतो. चोख काम. ‘रोझ’मध्ये मात्र डॉक्टरला वाचवायला रोझ साखळीला लटकून झेप घेते आणि लहानपणी जिम्नॅस्टिक्समध्ये कांस्यपदक मिळाल्याचं त्याच क्षणी सांगते. आधी त्याचा मागमूस नाही. हा दोष म्हणून नोंदवायला हरकत नाही. फक्त सोबत हेही लिहा की त्याच दमात ती आपल्याकडे शिक्षण नाही, नोकरी नाही, पुढचं काही नाही असंही म्हणते, आणि याची पेरणी भागभर झालेली आहे. म्हणजे कौशल्य ऐनवेळी आणलं, पण निर्णय आणला नाही. दोष दाखवताना असा नेमका कापा.

नवा डॉक्टर (मरणाच्या दारात तो नवं शरीर धारण करतो, म्हणजे भूमिकेत नवा कलाकार येतो) आणि नवी कंपॅनियन एकाच भागात आले की तोल सांभाळणं कठीण जातं, लेखकालाही आणि परीक्षकालाही. ‘दि इलेव्हन्थ अवर’ (३ एप्रिल २०१०) साधारण ६५ मिनिटांचा आहे, आणि ती वाढीव मिनिटं वाया गेलेली नाहीत. छोटी अमेलिया पाँड रात्रीच्या बागेत कोसळलेल्या टार्डिसपाशी येते, डॉक्टर पाच मिनिटांत परततो म्हणतो आणि १२ वर्षांनी उगवतो. मोठी एमी त्याचं स्वागत क्रिकेटच्या बॅटने करते आणि शुद्धीवर येईतो त्याला बेड्या घालून रेडिएटरला अडकवते. इथे डॉक्टरची ओळख आणि एमीची जखम एकाच घटनेतून घडते. अशा भागाच्या परीक्षणात दोघांना वेगवेगळे परिच्छेद दिले तर नेमकं जे साधलंय तेच निसटतं. ‘द वुमन हू फेल टू अर्थ’ (७ ऑक्टोबर २०१८) मध्ये नव्या डॉक्टरबरोबर शेफील्डमधले ग्रॅहम, रायन आणि यास असे तिघे येतात, शिवाय ग्रेस, जिचा भागातच मृत्यू होतो. चार माणसांत वेळ वाटला गेला की कोणाला काय मिळालं ते अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावून मोजा. यासला किती स्वतंत्र प्रसंग आहेत, याचं उत्तर आकड्यात द्या.

क्लारा ओस्वाल्डची गोष्ट आणखी अडचणीची, कारण तिची ओळख तीनदा होते. ‘असायलम ऑफ द डालेक्स’ (१ सप्टेंबर २०१२) मध्ये ऑस्विन, ‘द स्नोमेन’ (२५ डिसेंबर २०१२) मध्ये व्हिक्टोरियन क्लारा, आणि ‘द बेल्स ऑफ सेंट जॉन’ (३० मार्च २०१३) मध्ये आजची क्लारा, जी पुढे सोबत राहते. कोडं असलेल्या कंपॅनियनचा धोका असा की ‘ती कोण आहे’ हे विचारता विचारता ‘ती कशी आहे’ हे राहून जातं. कसोटी सोपी आहे: रहस्य बाजूला ठेवून पात्राचं वर्णन दोन वाक्यांत करून पाहा. जमलं तर पात्र आहे, नाही जमलं तर नुसतं कोडं आहे. ‘द चर्च ऑन रुबी रोड’ (२५ डिसेंबर २०२३) मध्येही रुबी संडेच्या जन्माचं रहस्य आहे. पण तिथे एक फार चांगली युक्ती केली आहे: रुबी नाहीशी होते आणि तिच्याविना तिची आई कार्ला किती कोरडी झाली असती ते आपल्याला दिसतं. नसण्यातून असणं दाखवलं.

लिहायला बसाल तेव्हा ८०० ते १००० शब्द पुरतात. त्यात कथासार १२० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, निम्म्यावर गेलं तर तो सारांश झाला. सुरुवात सारांशाने नकोच. ज्या प्रसंगाने तुमचं मत पक्कं झालं तिथून करा, उरलेली गोष्ट वाटेत येईलच. ताज्या भागावर लिहिताना रहस्यभेद पहिल्या २०० शब्दांत टाळा आणि पुढे सुरू होताना स्पष्ट इशारा द्या. वर्तमानकाळात लिहा, भूतकाळ फक्त निर्मितीच्या माहितीसाठी. संवाद उद्धृत करताना सबटायटलवर विसंबू नका, त्यात शब्द गाळलेले असतात. ऐकून खात्री करा आणि एका परीक्षणात दोनपेक्षा जास्त संवाद नकोत.

श्रेयनामावलीत हमखास घोळ होतो. शोरनर (अख्ख्या मालिकेची सूत्रं सांभाळणारा), लेखक आणि दिग्दर्शक ही तीन वेगळी कामं आहेत. ‘दि इलेव्हन्थ अवर’ स्टीव्हन मॉफॅटने लिहिला, दिग्दर्शन अ‍ॅडम स्मिथचं. कॅमेऱ्याचं कौतुक मॉफॅटच्या खात्यात जमा केलं की जाणकार वाचक पुढचं वाचतच नाही. नावांची देवनागरी एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

कलाकार आधी मालिकेत दुसऱ्या भूमिकेत दिसला असेल तर ती माहिती मोह पाडते. मार्था झालेली फ्रीमा अ‍ॅजेमन २००६ मध्ये अडेओला म्हणून, एमी झालेली कॅरन गिलन २००८ मध्ये ‘द फायर्स ऑफ पॉम्पे’मध्ये, बेलिंडा झालेली वरदा सेतू २०२४ मध्ये ‘बूम’मध्ये मंडी फ्लिन म्हणून येऊन गेल्या आहेत. कथेने त्याचा उपयोग केला असेल तरच लिहा. मार्था आपल्या नाहीशा झालेल्या चुलत बहिणीचा, म्हणजे अडेओलाचा, उल्लेख करते, बेलिंडाच्या भागात मंडीशी नातं जोडलं जातं, तेव्हा तिथे जागा आहे. एमीबाबत ती नुसती गंमत ठरते.

जुन्या कंपॅनियनशी तुलना एकच करा आणि तीही तिच्या पहिल्या भागाशी. डॉना नोबलचं उदाहरण पुरे. ‘द रनअवे ब्राइड’ (२५ डिसेंबर २००६) मध्ये ती आरडाओरडा करते आणि शेवटी प्रवासाला नाही म्हणते. ‘पार्टनर्स इन क्राइम’ (५ एप्रिल २००८) मध्ये तीच डॉक्टरला शोधत फिरते आणि खिडक्यांच्या काचांआडून दोघांचं मूकसंभाषण चालतं. नव्या मुलीला अख्ख्या हंगामाची डॉना शेजारी उभी करून मोजणं अन्यायाचं आहे. २००६च्या नाताळातली डॉना ठेवा आणि मग पाहा.

गुण द्यायचेच असतील तर कंपॅनियनला आणि भागाला वेगवेगळे द्या, आणि दोन्हींत तफावत असेल तर ती का, हे आकड्याशेजारीच एका ओळीत लिहा. हंगामभराची भाकितं मात्र टाळा. हंगाम संपला की हेच परीक्षण उघडून त्या सहा नोंदी पुन्हा तपासा, आणि चुकलेलं मत न खोडता खाली तारीख घालून दुरुस्ती जोडा.