लिनक्सवर डायल-अप (फोनलाइनवरून नेट) जमत नाही? मदत मागण्याआधी हे तपासा

नुसतं 'नेट लागत नाही' म्हटलं तर कोणीच काही सांगू शकणार नाही. आधी मोडेम कुठला ते बघा. आतल्या पीसीआय कार्डांपैकी बरीचशी विनमोडेम असतात. त्यांचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करतो, म्हणून लिनक्सवर ती बहुधा मुकी राहतात. सीरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घ्या, डोकेदुखी वाचेल.

सीरियल पोर्टची नावं लिनक्सवर वेगळी असतात: विंडोजचं कॉम १ म्हणजे इथलं टीटीवायएस ०, कॉम २ म्हणजे टीटीवायएस १. मिनिकॉम (मोडेमला थेट आज्ञा देण्याचा प्रोग्रॅम) उघडून 'एटी' टाइप करा, एंटर दाबा. 'ओके' आलं तर पोर्ट बरोबर. डायलटोन असूनही 'नो डायलटोन' येत असेल तर 'एटीएक्स३' द्या. मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवेल. जुन्या पल्स एक्स्चेंजवर 'एटीडीटी' (टोन डायल) ऐवजी 'एटीडीपी' (पल्स डायल) लागतं.

कनेक्शन लागलं, आयपी पत्त्याला पिंग जातो (म्हणजे तिकडून उत्तर येतं), पण साइट नावाने उघडत नाही? रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये नेमसर्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) भरा. पिंगच जात नसेल तर बहुतेक नेटवर्क कार्डाचा डीफॉल्ट रूट (बाहेर जाणारा ठरलेला मार्ग) आधीच बसलेला असतो आणि पीपीपीडी (डायल-अप जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) तो बदलत नाही. तो रूट काढून पुन्हा कनेक्शन लावा.

तरीही अडलं, तर पीपीपीडीला 'डीबग' हा पर्याय देऊन लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी जशाच्या तशा पाठवा. पासवर्ड तेवढा खोडा.