सॅन फ्रान्सिस्कोचा एक टक्का: कलेची तयारी, पाटीसकट

सॅन फ्रान्सिस्कोच्या डाउनटाउनमध्ये २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठी इमारत किंवा तेवढं वाढीव बांधकाम करायचं असेल, तर बांधकाम खर्चाचा एक टक्का लोकांना दिसेल अशा कलेवर घालावा लागतो. नियम १९८५च्या डाउनटाउन प्लॅनपासूनचा आहे. आज तो शहराच्या प्लॅनिंग कोडच्या कलम ४२९ मध्ये सापडेल, आणि शेजारच्या काही विभागांतल्या बिगरनिवासी इमारतींनाही लागू आहे. ऑफिसात हे काम बहुधा नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. इथल्या आर्किटेक्ट आणि डेव्हलपर मंडळींकडे काम करणाऱ्या आपल्या लोकांसाठी म्हणून हे लिहितोय. पहिली गोष्ट पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो: पाटी. आर्किटेक्टचं नाव, कलाकाराचं नाव आणि काम पुरं झाल्याची तारीख असलेली पाटी किंवा कोनशिला, लोकांच्या नजरेत येईल अशा जागी. मागच्या खेपेला आमची तीच बसवायची राहिली होती.

नियम तुमच्या प्रकल्पाला लागू आहे का, ते आधी बघा. खाडीपलीकडच्या ओकलंडचा हिशोब इथे चालवू नका. तिथे घरबांधणीला अर्धा टक्का आणि बाकीच्यांना एक टक्का आहे. ‘हे कोर्टात टिकणार नाही’ म्हणणारा कुणीतरी बैठकीत असतोच. कल्व्हर सिटीच्या अशाच कलाशुल्काला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये मान्यता दिली आहे. वाद घालत बसू नका, पुढे चला.

बांधकाम खर्चाचा आकडा शहराचा इमारत तपासणी विभाग ठरवतो, तुमचा एस्टिमेटर नव्हे. पहिल्या अंदाजावर कलाकाराला रक्कम सांगून मोकळे होऊ नका.

मग ठरवा: कला जागेवर करायची, की (तुमच्या प्रकल्पाला तशी मुभा असेल तर) पैसे शहराच्या पब्लिक आर्टवर्क ट्रस्टमध्ये, म्हणजे सार्वजनिक कलेच्या निधीत, भरायचे. ही सोय २०१२पासून आहे आणि ट्रस्टचं काम आर्ट्स कमिशन बघतं. कलाकृती फुटपाथवरून किंवा लोकांसाठी खुल्या असलेल्या आवारातून स्पष्ट दिसली पाहिजे. तुमच्याकडे लिफ्टशेजारचा कोपराच उरला असेल, तर प्रामाणिकपणे पैसे भरा. शहरात त्याचं काहीतरी बरं होईल. चांगली जागा असेल तर मात्र सोडू नका. ५५५ मिशन स्ट्रीटच्या आवारात शिल्पकार उगो रोंडिनोने यांचे प्रचंड चेहरे आहेत, येणारेजाणारे त्यांच्यापाशी थबकतात. अशा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठीच तर हा नियम आहे.

कलाकार लवकर नेमा. लवकर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरची ड्रॉइंग पक्की व्हायच्या आधी. ५५ नाइन्थ स्ट्रीटच्या इमारतीबाहेर काचेचे आणि पोलादाचे १३ पियानो अधांतरी टांगलेले आहेत. असलं काम काँक्रीट ओतून झाल्यावर सुचून उपयोग नाही. वजन, वारा, भूकंप, काँक्रीटमध्ये सोडायच्या प्लेटा, विजेची पाइपलाइन, सगळं त्याच ड्रॉइंगमध्ये हवं. आणि त्याच बैठकीत विचारा की पाटी कुठे बसणार? दर्शनी भाग सगळा काचेचा असेल तर पाटीला भिंतच नसते. दगडी आवरण असेल तर मागे आधार लागतो. एलेव्हेशनमध्ये, म्हणजे दर्शनी बाजूच्या ड्रॉइंगमध्ये, पाटीचा चौकोन काढा, त्याला क्रमांक द्या. कागदावर नसलेली वस्तू साइटवर कुणीही बसवत नाही.

पहिल्या बिल्डिंग परमिटचा अर्ज करायच्या आधी कलाकाराला घेऊन प्लॅनिंग विभागाशी बोला: उंची, आकार, प्रकार. प्लॅनिंग कमिशन कलेचा प्रकार आणि जागा मंजूर करतं, कलेचा दर्जा ठरवत नाही. तसं नियमातच लिहिलंय, आणि मला तो नियमाचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो. म्हणून सादरीकरणात सौंदर्यावर वेळ घालवू नका. लोकांना ती कुठून आणि किती जवळून दिसेल ते दाखवा. ‘आमची लॉबीची भिंतच कलाकृती आहे’ हे चालत नाही. इमारतीचे वास्तुघटक या एक टक्क्यात धरत नाहीत.

करार वकिलाकडून करून घ्या, पण स्वतः वाचा. १९९०च्या केंद्रीय कायद्याने आणि कॅलिफोर्नियाच्या १९७९च्या कायद्याने कलाकाराला त्याच्या कामाची मोडतोड रोखण्याचा हक्क आहे. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीच्या ग्राफिटीने भरलेल्या भिंती मालकाने २०१३मध्ये पांढऱ्या रंगाने पुसून टाकल्या. २०१८मध्ये न्यायालयाने कलाकारांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले आणि अपिलातही ते कायम राहिलं. कलाकृती इमारतीचाच भाग होणार असेल आणि काढताना मोडणार असेल, तर तसं दोघांच्या सहीने आधीच लिहून ठेवा. त्याच्या पलीकडचे हक्क कलाकाराकडून सरसकट सोडवून घेऊ नका, ते अन्यायाचं आहे. देखभालीची माहितीही करारातच मागा. आणि पाटीवरचं नाव नेमकं कसं लिहायचं, हे कलाकाराच्या सहीसकट तिथेच घ्या.

कारण पाटी कुणाचीच नसते. कलाकाराला वाटतं डेव्हलपर करेल, कंत्राटदाराच्या कामात ती नसते, आणि साइनेजवाला म्हणतो मला फक्त इमारतीचा नंबर सांगितलाय. एका माणसाचं नाव पाटीपुढे लिहा. पाटीचा आराखडा आणि मजकूर बसवण्याआधी प्लॅनिंग विभागाच्या कर्मचाऱ्यांकडून मंजूर करून घ्यावा लागतो; बसवून मग फोटो पाठवला असं जमत नाही. मंजुरी येईपर्यंत कोरायला देऊ नका, धातूवर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. ज्या माणसाने ते काम घडवलं त्याचं नाव तिथे नसेल, तर लोक त्याला इमारतीची सजावट समजून पुढे जातात. हे मला खरंच लागतं.

पुढचं पटापट. कारखान्यात जाऊन काम बघा. वाहतूक, क्रेन, रस्ता अडवण्याची परवानगी, विमा. बिलं जपा, एक टक्का खर्च झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. भोगवटा दाखल्याआधी कला जागेवर आणि लोकांना खुली हवी. अडचण खरी असेल आणि तुम्ही ठोस हमी दिलीत, तर शहराचा झोनिंग ॲडमिनिस्ट्रेटर ही मुदत जास्तीत जास्त १२ महिने वाढवून देऊ शकतो, पण त्या भरवशावर वेळापत्रक आखू नका. रात्रीचे दिवे तपासा. शेवटी फुटपाथवर उभं राहून पाटी स्वतः वाचा, आणि समोर कुंडी आली असेल तर ती त्याच दिवशी हलवून घ्या.