धनेश ओळखताना या चुका टाळा

तिळारी, आंबोली किंवा दांडेलीच्या जंगलातून परतलेल्या नवख्या पक्षीनिरीक्षकाच्या यादीत महाधनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी हमखास असतो. फोटो मागितला की निघतो मलबारी कवड्या धनेश.

घोळ चोचीमुळे होतो. दोघांचीही चोच मोठी, पिवळसर, वर शिंग. नजर तिथेच अडकते. आकारावर तर जाऊच नका. उघड्या आभाळात मोजायला शेजारी काही नसतं, तीन फुटांचा पक्षी सहज चार फुटांचा वाटतो. आधी मान बघा, मग शेपटी. महाधनेशाची मान पिवळट पांढरी, छाती काळी; पांढऱ्या शेपटीवर एकच आडवा काळा पट्टा. कवड्याचं डोकं आणि मान काळीभोर, छातीखाली सगळं पांढरं. उडताना महाधनेशाच्या काळ्या पंखांवर मधोमध पांढरा पट्टा असतो आणि मागची कडही पांढरी. कवड्याला नुसती कड. फांदीवर बसलेल्या कवड्याची शेपटी खालून अख्खी पांढरी दिसते, तिथेच बरेचजण फसतात. काळा पट्टा नाही म्हणजे महाधनेश नाही, विषय संपला.

राखाडी दिसला की ‘राखी धनेश’ लिहून मोकळं होऊ नका. घाटातल्या दाट रानात, माणूस खदखदून हसल्यासारखा ओरडणारा तो मलबारी राखी. त्याच्या चोचीवर शिंग नसतं. साध्या राखी धनेशाला छोटं टोकदार शिंग असतं, तो पुण्यातल्या झाडांवरही दिसतो.

रानभर वणवण नको. पिकलेला वड किंवा उंबर गाठा, उजाडायच्या आत बसा. आणि गप्पा बंद! महाधनेशाच्या पंखांचा घुसघुस आवाज पक्ष्याच्या आधी पोचतो.

सगळ्यात संतापजनक प्रकार ढोलीखालचा. साधारण जानेवारी ते मे मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, उघडी राहते फक्त एक फट. नर गळ्यात फळं भरून आणतो आणि एकेक वर काढून त्या फटीतून भरवतो. खाली कॅमेरे रोखून दहा जण उभे असले की तो लांबच्या झाडावर गळा भरलेला घेऊन बसून राहतो. वरून हेच म्हणणार, ‘आज नर आलाच नाही.’ आला होता, तुम्ही अडवलात. आत मादी उपाशी, पिल्लं असली तर तीही. पंधरा मिनिटं नर जवळपास बसून ढोलीकडे येत नसेल, तर फोटो झाला नसला तरी सामान उचलायचं. गाइडला जास्त पैसे देऊन झाडाच्या आणखी जवळ जाणाऱ्यांना मात्र काय सांगणार!